ग्लासगोचा भाडेसंप, १९१५

पहिल्या महायुद्धाचे दुसरे वर्ष. क्लाइड नदीकाठचे जहाजबांधणीचे आणि दारूगोळ्याचे कारखाने अहोरात्र चालू होते. कामगारांचे लोंढे ग्लासगोत येत होते. नवी घरे मात्र उभी राहत नव्हती. घरमालकांनी ही संधी साधून भाडी वाढवली. अनेक घरांतले पुरुष आघाडीवर. मागे राहिलेल्या बायका मुकाट्याने पैसे देतील, असा हिशेब होता.

तो चुकला. गोव्हन भागातील मेरी बार्बर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी वाढीव भाडे साफ नाकारले. घर रिकामे करण्यासाठी बेलीफ आला की एकीने घंटा वाजवावी आणि साऱ्याजणींनी धावत येऊन जिना अडवावा, अशी रीत पडली. बेलिफांवर पिठाचा माराही झाला! नोव्हेंबरपर्यंत संपात सुमारे २० हजार कुटुंबे होती.

मग थकबाकी थेट मजुरीतून वसूल करण्यासाठी मालकपक्ष न्यायालयात गेला. ही घोडचूक ठरली, कारण घराचा वाद त्यामुळे कारखान्यात शिरला. १७ नोव्हेंबरला १८ भाडेकरूंची सुनावणी होती. हजारो कामगार काम टाकून न्यायालयासमोर जमले. युद्धसामग्री मंत्री लॉइड जॉर्ज यांच्यापर्यंत दूरध्वनी गेला आणि खटले गुंडाळले गेले.

डिसेंबरातच संसदेने लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला घराबाहेर काढण्यावरही निर्बंध आले आणि खरा आधार तोच होता. एरवी मालकाने भाडे न वाढवता भाडेकरूच बदलला असता. मुंबईत असा युद्धकालीन कायदा येण्यास १९१८ उजाडले.