कोण आहे पेद्री? बेटावरच्या गावातला पोरगा, बार्सिलोनाचा मिडफिल्डर आणि १८ व्या वर्षी खेळलेले ७३ सामने

फुटबॉल पाहणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर एक नाव हमखास दिसतं, पेद्री. अंगानं बारीक, उंची १.७४ मीटर, ना दाढी-मिशांचा रुबाब ना केसांची स्टाईल. पण चेंडू पायात आला की समोरचे दोन-तीन जण कुठे गेले हेच कळत नाही.

त्याच्या पासचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. पण १८ व्या वर्षी या पोरानं एका हंगामात ७३ सामने खेळले आणि त्यानंतर पुढची तीन वर्षं त्याचं शरीर साथ देत नव्हतं, ही गोष्ट अनेकांना माहीत नाही. आज त्याचीच कारकीर्द सुरुवातीपासून पाहूया.

थोडक्यात ओळख

- पूर्ण नाव: पेद्रो गोन्सालेस लोपेस
- जन्म: २५ नोव्हेंबर २००२
- गाव: तेगेस्ते, तेनेरिफे बेट, कॅनरी बेटं, स्पेन
- जागा: मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात खेळणारा
- क्लब: लास पाल्मास (२०१९-२०), बार्सिलोना (२०२० पासून)
- जर्सी क्रमांक: बार्सिलोनात आधी १६, नंतर ८
- मोठे पुरस्कार: युरो स्पर्धेतला सर्वोत्तम युवा खेळाडू, गोल्डन बॉय आणि कोपा ट्रॉफी (तिन्ही २०२१)

गाव कसं आहे?

स्पेन म्हटलं की माद्रिद, बार्सिलोना अशी मोठी शहरं आठवतात. पेद्री तिथला नाही. कॅनरी बेटं स्पेनची असली तरी ती आहेत आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, अटलांटिक महासागरात. मुख्य स्पेनला जायचं तर विमानाला दोन-अडीच तास लागतात. घड्याळसुद्धा मुख्य स्पेनच्या एक तास मागे.

यातल्या तेनेरिफे बेटावर तेगेस्ते हे गाव आहे. लोकसंख्या साधारण अकरा हजार. द्राक्षबागा, शेती आणि डोंगर. एप्रिल महिन्यात सान मार्कोसची जत्रा भरते, तेव्हा सजवलेल्या बैलगाड्यांची मिरवणूक निघते. आपल्याकडच्या माणसाला हे गाव फार परकं वाटणार नाही.

पेद्रीच्या घरचं गावात छोटं रेस्टॉरंट आहे. घर पहिल्यापासून बार्सिलोनाचं भक्त. त्याच्या आजोबांनी तर गावात बार्सिलोनाच्या चाहत्यांचं मंडळच सुरू केलं होतं. त्यामुळे बार्सिलोनाचा सामना म्हणजे घरात सण. लहानपणापासून त्याचा आदर्श आंद्रेस इनिएस्ता. इनिएस्ताही फुएंतेआल्बिया नावाच्या लहान गावातून आलेला आणि बार्सिलोनात ८ नंबरची जर्सी घालणारा. पुढे तोच नंबर पेद्रीच्या पाठीवर आला.

रेआल माद्रिदनं नाही म्हटलं

सुरुवात गावच्या क्लबात झाली. मग शेजारच्या ला लागुना शहरातल्या हुवेंतुद लागुना या क्लबात. किशोरवयात त्याला रेआल माद्रिदनं ट्रायलसाठी बोलावलं. जगातला सगळ्यात मोठा क्लब, बेटावरचा पोरगा, आणि नेमका त्याच दिवसांत माद्रिदला बर्फ पडला. नीट सराव झालाच नाही. शेवटी निरोप मिळाला की तो त्यांच्या दर्जाला पुरा पडत नाही. हा किस्सा पेद्रीनं नंतर मुलाखतीत स्वतःच सांगितला आहे.

पोरगा परत बेटावर आला. २०१८ मध्ये शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरच्या लास पाल्मास क्लबानं त्याला घेतलं. हा क्लब तेव्हा स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता.

१६ व्या वर्षी मोठ्यांच्या संघात

प्रशिक्षक पेपे मेल यांनी पोराचा खेळ पाहिला आणि थेट मुख्य संघात उतरवलं. १८ ऑगस्ट २०१९ ला पहिला व्यावसायिक सामना, वय १६. महिनाभरात, १९ सप्टेंबरला स्पोर्तिंग दे खिखोनविरुद्ध पहिला गोल. लास पाल्मासच्या इतिहासात इतक्या लहान वयात कुणी गोल केला नव्हता.

पण त्याआधीच सौदा ठरला होता. २ सप्टेंबर २०१९ ला बार्सिलोनानं जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून हा मुलगा आमचा. रक्कम ५० लाख युरो आणि वर कामगिरीप्रमाणे बोनस. त्या वेळच्या दरानं साधारण ४० कोटी रुपये. आपल्याला आकडा मोठा वाटतो, पण बार्सिलोनासारख्या क्लबासाठी ही किरकोळ खरेदी होती.

तो हंगाम त्यानं लास पाल्मासमध्येच पूर्ण केला. लीगचे ३६ सामने खेळला, ४ गोल केले.

बार्सिलोनात पाऊल

२०२० च्या उन्हाळ्यात तो बार्सिलोनाला गेला. पोरगं अजून कोवळं आहे, एक वर्ष दुसऱ्या क्लबाला लोनवर देऊ, अशी चर्चा सुरू होती. पण नवे प्रशिक्षक रोनाल्ड कुमान यांनी सराव पाहिला आणि त्याला ठेवून घेतलं.

२७ सप्टेंबर २०२० ला व्हियारेआलविरुद्ध बदली खेळाडू म्हणून तो उतरला. २० ऑक्टोबरला फेरेंत्स्वारोशविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये पहिला गोल. बघता बघता लिओनेल मेस्सी ज्याला विश्वासानं चेंडू देतो असा खेळाडू म्हणून त्याचं नाव झालं. एप्रिल २०२१ मध्ये बार्सिलोनानं कोपा देल रे हा चषक जिंकला. त्या एका हंगामात तो क्लबासाठी ५२ सामने खेळला.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला गोड आहे. खरा ताण यापुढे सुरू झाला.

युरो संपला, ऑलिम्पिक सुरू

मार्च २०२१ मध्ये लुईस एन्रिके यांनी त्याला स्पेनच्या मुख्य संघात घेतलं. जूनमध्ये युरो स्पर्धा. स्पेनचे सहा सामने झाले, त्यातले तीन जादा वेळेत गेले. एकूण ६३० मिनिटांपैकी पेद्री ६२९ मिनिटं मैदानात होता. म्हणजे अख्ख्या स्पर्धेत विश्रांती मिळाली एक मिनिट!

क्रोएशियाविरुद्ध एक विचित्र प्रकार झाला. पेद्रीनं लांबून आपल्याच गोलकीपरकडे साधा पास मागे दिला, गोलकीपर उनाई सिमोनच्या पायावरून तो निसटला आणि चेंडू जाळ्यात. नावावर लागला स्वयंगोल. दुसरा पोरगा खचला असता. हा तसाच खेळत राहिला आणि स्पेननं तो सामना ५-३ असा जिंकला. ६ जुलैला उपांत्य सामन्यात इटलीविरुद्ध त्यानं ६६ पैकी ६५ पास अचूक दिले. स्पेन पेनल्टीवर हरला, पण स्पर्धेतला सर्वोत्तम युवा खेळाडू पेद्री ठरला.

माणसाला इथे विश्रांती मिळायला हवी होती. पण अवघ्या १६ दिवसांनी, २२ जुलैला, तो जपानमध्ये ऑलिम्पिकचा सामना खेळत होता. तिथेही सहा सामने, त्यातले शेवटचे तीन पुन्हा जादा वेळेत. ७ ऑगस्टला अंतिम सामन्यात ब्राझीलनं २-१ असं हरवलं. स्पेनला रौप्यपदक मिळालं.

आणि १५ ऑगस्टला, म्हणजे आठ दिवसांत, तो बार्सिलोनाच्या जर्सीत लीगचा पहिला सामना खेळायला उभा!

क्लब, मुख्य संघ, युवा संघ, ऑलिम्पिक, सगळं धरून त्या हंगामाचे सामने झाले ७३. साधारण अकरा महिन्यांत, म्हणजे दर साडेचार-पाच दिवसांना एक सामना. तेव्हा त्याला १९ वं वर्षसुद्धा लागायचं होतं किंवा नुकतंच लागलं होतं.

शरीरानं हिशोब मागितला

१४ सप्टेंबर २०२१, बायर्न म्युनिकविरुद्ध सामना. मांडीचा स्नायू दुखावला. महिनाअखेर परतला तर दुखणं उलटलं. मग थेट जानेवारी २०२२ पर्यंत बाहेर.

याच काळात पुरस्कारांचा पाऊस पडत होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोपा ट्रॉफी, त्याच वर्षी गोल्डन बॉय. पोरगा पुरस्कार घेत होता, पण खेळू शकत नव्हता.

परतल्यावर खेळ तोच. ३ एप्रिल २०२२ ला सेव्हियाविरुद्ध मारतो-मारतो असं दाखवून त्यानं दोन बचावपटूंना लागोपाठ जमिनीवर घसरवलं आणि मग लांबून गोल केला. सामना १-० नं जिंकला. अकरा दिवसांनी फ्रँकफुर्टविरुद्ध हॅमस्ट्रिंग गेली आणि हंगाम संपला. ज्या पोरानं आधीच्या हंगामात क्लबासाठी ५२ सामने खेळले, त्याचे या हंगामातले सामने फक्त २२.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागच्या बाजूचे स्नायू. पळताना, अचानक थांबताना सगळा झटका यांच्यावर येतो. थकलेला स्नायू लवकर फाटतो. आणि एकदा फाटला की पूर्ण बरा होण्याआधी पळालं तर पुन्हा फाटण्याची भीती फार. पेद्रीच्या बाबतीत हेच चक्र फिरत राहिलं.

- फेब्रुवारी २०२३: मँचेस्टर युनायटेडविरुद्ध मांडी दुखावली. त्या हंगामात झावी यांच्या हाताखाली संघानं लीग जिंकली.
- ऑगस्ट २०२३: हंगाम सुरू होताच पुन्हा दुखापत.
- ३ मार्च २०२४: बिल्बाओमध्ये सामना सोडून बाहेर जावं लागलं, डोळ्यांतून पाणी. ते दृश्य टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं.
- ५ जुलै २०२४: युरोच्या उपांत्यपूर्व सामन्यात जर्मनीच्या टोनी क्रूसची धडक, गुडघा दुखावला. आठव्या मिनिटाला बाहेर. स्पेननं स्पर्धा जिंकली, पण अंतिम सामना त्याला बाहेरूनच पाहावा लागला. क्रूसनं नंतर त्याची जाहीर माफी मागितली.

शेवटची दुखापत थकव्याची नव्हती, धडकेची होती. पण बाकीच्या सगळ्या स्नायूंच्या. व्यावसायिक फुटबॉलपटूंची जागतिक संघटना फिफप्रो तरुण खेळाडूंवरच्या ओझ्याबद्दल अनेकदा बोलत आली आहे आणि त्यात पेद्रीचं उदाहरण हमखास येतं.

मग तो सावरला कसा?

२०२४ च्या उन्हाळ्यात बार्सिलोनात जर्मन प्रशिक्षक हान्सी फ्लिक आले. त्यांच्याबरोबर शारीरिक तयारी पाहणारी मंडळीही बदलली. पेद्रीच्या दिवसाची घडीच बदलली. जिममध्ये ताकदीचा व्यायाम वाढला, जेवण आणि झोप यांना शिस्त लागली.

२०२४-२५ च्या हंगामात बार्सिलोनानं सगळे मिळून ६० सामने खेळले, त्यातले ५९ सामने पेद्री खेळला. लीग, कोपा देल रे आणि स्पॅनिश सुपर कप, असे तिन्ही चषक आले. २६ एप्रिल २०२५ ला कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदविरुद्ध पहिला गोल पेद्रीचाच. संघानं सामना ३-२ असा जिंकला. ज्या क्लबानं कधी ट्रायलमधून परत पाठवलं, त्यांच्याविरुद्ध!

ऑक्टोबर २०२५ मध्ये हॅमस्ट्रिंगनं पुन्हा डोकं वर काढलं आणि तो काही आठवडे बाहेर बसला. म्हणजे हे दुखणं कायमचं गेलं असं नाही, जपूनच राहावं लागतं.

१०० कोटी युरोचा गोंधळ

व्हॉट्सॲपवर अधूनमधून मेसेज फिरतो की पेद्रीला १०० कोटी युरो मिळतात. हे चूक आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि मग जानेवारी २०२५ मध्ये त्याचा करार वाढला, तो आता २०३० पर्यंत आहे. करार संपण्याआधी दुसऱ्या क्लबाला त्याला एकतर्फी न्यायचं असेल तर भरायची ती रक्कम म्हणजे १०० कोटी युरो. स्पेनमध्ये करारात अशी रक्कम लिहायची पद्धत आहे. कुणी भरूच नये म्हणून ती इतकी मोठी ठेवतात. तो त्याचा पगार नाही.

तो नेमकं करतो काय?

पेद्री फार गोल करत नाही. मधल्या पट्ट्यात तो चेंडू घेतो, पण घेण्याआधीच मान वळवून दोन्ही खांद्यांवरून मागे बघून ठेवतो. त्यामुळे चेंडू पायाला लागताच पुढे काय करायचं हे त्याला माहीत असतं. तो ताकदीनं धडक देत नाही, शरीर वळवून निसटतो. खेळाचा वेग कधी वाढवायचा आणि कधी थांबायचं हे तो ठरवतो. गावातल्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांनी त्याचा व्हिडिओ पाहताना चेंडूकडे न बघता त्याच्या मानेकडे बघावं. शिकायचं ते तिथे आहे.

पालकांनी आणि कोचनी लक्षात ठेवायची गोष्ट

गावातला चांगला खेळणारा पोरगा सगळ्यांनाच हवा असतो. शाळेच्या संघाला, गावच्या मंडळाला, तालुक्याच्या स्पर्धेला. खेळ कोणताही असो, कबड्डी, क्रिकेट की फुटबॉल. नाही म्हणायचं धाडस पोराला होत नाही, कारण खेळणं त्याला आवडतं. पेद्रीनंही तेव्हा नाही म्हटलं नव्हतं. त्याच्या मागे जगातले उत्तम डॉक्टर होते, तरी सावरायला तीन वर्षं गेली. आपल्या पोरामागे तेवढी यंत्रणा नाही. म्हणून मांडी धरून लंगडणाऱ्या पोराला "एवढा एक सामना खेळ" असं म्हणू नका. त्याला बसवा, डॉक्टरांना दाखवा. सामना पुढच्या वर्षीही येईल.