हजेरीपत्रकात नसलेली माणसे

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला. बँकेत छत्तीस वर्षे काढल्यामुळे जुने कागद जपून ठेवायची सवय आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आले असावे. पहिली कार्यकारिणी, पाण्याची टाकी, लिफ्ट, गणेशोत्सव हे सगळे इतर लेखांत येईलच. मी त्याच्या आधीचे लिहितो. आपल्या आधी दोन वर्षे या जागेत जी माणसे राहिली, त्यांच्याविषयी.

१९९८ साली मी फ्लॅट बुक केला. दर रविवारी मी आणि सौ. स्कूटरवरून काम कुठवर आलं ते बघायला यायचो. आज जिथे मुलांची घसरगुंडी आहे, तिथे पत्र्याच्या खोल्या होत्या. त्यांत गुलबर्गा-विजापूरकडची कुटुंबे राहत. पुरुष सेंटरिंग आणि गवंडीकाम करत, बायका डोक्यावर चुंबळ ठेवून घमेली वाहत, मुले वाळूच्या ढिगावर खेळत. सिमेंटने त्या बायकांच्या हातांची कातडी सोलवटलेली असे. आम्हाला ते दिसत होतं, पण आमचं लक्ष स्लॅबकडे.

एका रविवारी आलो तर काम बंद. आदल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर फळी निसटून एक मजूर खाली पडला होता. कमरेला पट्टा नव्हता, खाली जाळी नव्हती. टेम्पोत घालून त्याला दवाखान्यात नेलं. कंबर मोडली होती. ठेकेदाराने थोडेफार पैसे हातावर ठेवून त्याला गावी पाठवलं, असं पुढे मुकादमाकडून कळलं. मी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "मग ताबा लांबणार का?" हे लिहिताना आज लाज वाटते, पण इतिहास लिहायचा तर गाळताही येत नाही.

त्या वेळी कायदा नव्हता, असे नाही. कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हा कायदा १९२३ पासून होता. परराज्यातून ठेकेदारामार्फत आणलेल्या मजुरांसाठी १९७९ चा कायदा होता. पण भरपाई मागायची तर आधी आपण तिथे कामाला होतो हे सिद्ध करावे लागते, आणि त्याचे नाव कुठल्या हजेरीपत्रकात होते? बँकेत मी स्वतः बांधकाम पाहणीचे अहवाल लिहिले आहेत. किती स्लॅब पडले, विटकाम कुठवर आले, याचे रकाने असत. माणसांसाठी रकाना नव्हता.

ही रीत फार जुनी. आपण मुंबईला जातो तो बोरघाटातला रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर तिथे राबत होते. सुरुंग, दरडी, कॉलरा आणि ताप यांनी हजारो माणसे गेली. ट्रेडवेल नावाचा ठेकेदार १८५९ साली वारला आणि त्याच्या पत्नीने ठेका पूर्णत्वास नेला, याची इतिहासात नोंद आहे. मजुरांची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

खास बांधकाम मजुरांसाठी संसदेने कायदा केला तो १९९६ साली. पिण्याचे पाणी, संडास, राहण्याची सोय, पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर, उंचीवरच्या कामाची सुरक्षितता, अशा सगळ्या तरतुदी त्यात होत्या. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घेऊन तो मजुरांच्या कल्याणासाठी वापरायचा, असेही ठरले. पण महाराष्ट्राचे नियम २००७ साली आले आणि कल्याणकारी मंडळ २०११ साली. आपली इमारत कायदा आणि अंमलबजावणी यांच्यामधल्या त्या रिकाम्या वर्षांत उभी राहिली.

मंडळ झाल्यावरही प्रश्न नोंदणीचाच. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि आज इथे तर उद्या तिथे जाणाऱ्याला तो देणार कोण? उपकराचे कोट्यवधी रुपये पडून राहिले, यावरून २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना खडे बोल सुनावले. २०२० च्या टाळेबंदीत मंडळाने मजुरांच्या खात्यात दोन हजार रुपये भरले, ते नोंदीत मजुरांच्याच. बाकीचे रस्त्याने चालत गेले.

२९ जून २०१९ ची रात्र पुणेकर विसरलेले नसतील. पावसात कोंढव्यातल्या एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या खोल्यांवर कोसळली. झोपेतच पंधरा जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. बहुतेक बिहारचे. भिंत एका सोसायटीची होती, हे आपण सोसायटीवाल्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

आता पंचवीस वर्षांनी आपल्या इमारतीला बाहेरून गिलावा आणि रंगकाम करायचे आहे. पुन्हा परांच्या बांधल्या जातील, पुन्हा कुठली तरी माणसे लांबून येतील. या वेळी काम देणारे आपण आहोत. येणाऱ्या गाडीचा नंबर आपला वॉचमन वहीत लिहितो, मजुराचे नाव लिहीत नाही. म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे: रोज येणाऱ्या प्रत्येक मजुराचे नाव व गाव गेटवरच्या वहीत लिहावे, त्यांना आपला संडास व पिण्याचे पाणी वापरू द्यावे, ठेकेदाराने विमा उतरवल्याचा कागद पाहिल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नये, आणि पट्टा व हेल्मेट नसेल तर कुणालाही वर चढू देऊ नये. काम संपल्यावर मागेल त्याला कामाच्या दिवसांचा दाखला सेक्रेटरींच्या सहीने द्यावा.

खर्च फार नाही. काम चार दिवस लांबेल कदाचित. लांबू दे. ठरावाला अनुमोदक हवा आहे.