काळ्या नदीतून काचेच्या टाकीत

दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत निळ्या आणि लाल पट्ट्यांचे, बोटाएवढेही लांब नसलेले मासे थव्याने फिरताना अनेकांनी पाहिले असतील. पोटाखालील लाल पट्टा डोळ्यापासून शेपटीपर्यंत अखंड असेल, तर तो कार्डिनल टेट्रा. अर्ध्यावरून सुरू होत असेल, तर निऑन टेट्रा. अॅक्वेरियमसाठी विकल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातील माशांपैकी बहुतांश मासे आज तळ्यांत आणि टाक्यांत पैदा केलेले असतात. कार्डिनल मात्र कित्येक दशके जवळजवळ सर्वस्वी नैसर्गिक पाण्यातून पकडून आणला जात असे आणि आजही त्यातील काही हिस्सा तसाच येतो. रानातला मासा पकडून घरी ठेवणे म्हणजे निसर्गाची हानीच, असा सर्वसाधारण समज आहे. या माशाची हकीगत तो समज पुन्हा तपासायला लावते.

कार्डिनलचे शास्त्रीय नाव पॅराकायरोडॉन अॅक्सेलरोडी. १९५६ सालच्या फेब्रुवारीत दोन वेगवेगळ्या अभ्यासगटांनी एकाच माशाला दोन नावे दिली. एका दिवसाच्या अंतराने आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरले गेले आणि अॅक्वेरियम मासिकाचे प्रकाशक हर्बर्ट अॅक्सेलरॉड यांचे नाव माशाला चिकटले. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको आणि रिओ निग्रो या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत. रिओ निग्रो म्हणजे शब्दशः ‘काळी नदी’. वाळूमय जमिनीवरील जंगलातून झिरपत येणारे हे पाणी कुजलेल्या पाल्यातील द्रव्यांमुळे कोऱ्या चहासारखे तपकिरी दिसते. त्यात क्षार नाममात्र असतात आणि त्याचा पीएच बरेचदा ४ ते ५ एवढा खाली असतो. इतक्या आम्लधर्मी पाण्यात डासांच्या अळ्याही फारशा टिकत नाहीत.

या नदीचे सारे जीवन पुराच्या तालावर चालते. मानाऊस शहराजवळ वर्षभरात पाण्याची पातळी सरासरी १० मीटरच्या आसपास वरखाली होते. पाणी चढले की काठचे जंगल महिनोन्महिने बुडते. या बुडालेल्या अरण्याला स्थानिक भाषेत ‘इगापो’ म्हणतात. झाडांवरून पडणारे कीटक, पाण्यातील सूक्ष्म जीव आणि बुडालेल्या पाल्याचा आसरा यांवर कार्डिनलची पिल्ले तेथे वाढतात. पाणी ओसरू लागले की मासे ‘इगारापे’ म्हणजे अरण्यातील लहान ओढ्यांत गोळा होतात आणि पकडणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो.

मानाऊसहून नदीने वर सुमारे ४०० किलोमीटरवर असलेले बार्सेलोस हे गाव या धंद्याचे केंद्र. लहान शोभेच्या माशाला तेथे ‘पियाबा’ म्हणतात आणि तो पकडणाऱ्याला ‘पियाबेइरो’. त्यांची साधने अगदी साधी असतात. होडीतून वापरायचे, बारीक विणीचे झोळीसारखे जाळे ‘रापिशे’ या नावाने ओळखले जाते. वल्ह्याने पाणी अलगद हलवत थव्याला त्या जाळ्याकडे वळवायचे आणि जाळे हळूच उचलायचे, एवढीच रीत. घाई केली तर मासे पाल्यात दडून बसतात. ‘काकुरी’ नावाचा सापळा आमिष घालून ओढ्याच्या काठाशी ठेवतात. डिस्कससारखा मोठा आणि बुजरा मासा रात्री विजेरीच्या झोतात टिपला जातो. जाळ्यातले मासे हाताने उचलत नाहीत. भोपळ्याच्या कवटीने पाण्यासकट काढून घेतात. हाताचा स्पर्श झाला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तेथे बुरशी धरते. घरच्या टाकीतील मासा हातात धरू नये, याचेही कारण तेच.

पकडलेले मासे काही दिवस ओढ्यातच जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. नंतर उथळ प्लास्टिकच्या टबांत भरून, एकावर एक रचून, प्रवासी बोटीने मानाऊसला नेतात. तेथे निर्यातदाराच्या टाक्यांत त्यांची निवड होते. विमानात चढवण्यापूर्वी त्यांना उपाशी ठेवतात, कारण बंद पिशवीत विष्ठा साचली की पाणी विषारी होते. पिशवीत थोडे पाणी आणि वर भरपूर प्राणवायू भरून ती थर्मोकोलच्या खोक्यात जाते. या साखळीत मासा जितक्यांदा हात बदलतो, तितकी त्याची किंमत वाढते. पियाबेइरोला मिळणारी किंमत मात्र नगावर ठरत नाही, हजारावर ठरते. या व्यवसायाबद्दल गोडवे गाताना ही गोष्ट सहसा मागे पडते.

एवढी पकड होऊनही मासा संपला कसा नाही? ऐन भरात या प्रदेशातून वर्षाला दोन कोटींच्या घरात शोभेचे मासे बाहेर जात आणि त्यांत कार्डिनलचाच वाटा मोठा असे. उत्तर माशाच्या आयुष्यात आहे. टाकीत चार-पाच वर्षे जगणारा कार्डिनल रानात प्रायः वर्षभरच जगतो. पाणी आटले की डबक्यांत अडकलेल्या माशांपैकी कित्येक तसेही मरतात किंवा बगळ्यांच्या आणि मोठ्या माशांच्या तोंडी जातात. उरलेले पुढच्या पुरात विणीला लागतात. म्हणजे जाळ्यात येणाऱ्यांपैकी बरेच मासे पुढचा पूर पाहणार नव्हतेच. या माशाला खरा धोका जाळ्याचा नसून पूर न येण्याचा आणि काठचे अरण्य तुटण्याचा आहे. २०२३ आणि लगोलग २०२४ साली मानाऊसजवळ नदीने नीचांकी पातळीचे विक्रम मोडले, ही बाब म्हणूनच चिंतेची ठरते.

मत्स्यशास्त्रज्ञ लॅबिश चाओ यांनी १९८९ साली सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट पियाबा’ने याच विचारावर भर दिला. मासा विकत घ्या आणि झाड वाचवा, अशा आशयाचे त्याचे घोषवाक्य पुष्कळ गाजले. माशांवर पोट भरणारा माणूस इगापो तोडू देत नाही. मासे विकले गेले नाहीत, तर तो लाकूडतोडीकडे, गुरांच्या कुरणांकडे किंवा सोन्याच्या खाणीकडे वळतो, हा त्यामागचा युक्तिवाद. घोषणेत असते तेवढी अतिशयोक्ती त्यातही आहे, परंतु मूळ मुद्दा खोटा नाही. पुढे झेक प्रजासत्ताक आणि आग्नेय आशियातील केंद्रांनी कार्डिनल टाक्यांत पैदा करण्याचे तंत्र साधले आणि बार्सेलोसची मागणी घसरली. २०१४ साली रिओ निग्रोच्या शोभेच्या माशांना ब्राझीलमध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. नागपूरच्या संत्र्याला मिळतो, तसलाच हा मान. पण गेलेली बाजारपेठ त्याने परत आली नाही.

रानातून आलेला मासा घेणाऱ्याचे कामही अंमळ जास्त असते. त्याला निदान तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे, कारण त्याच्यासोबत परजीवी येण्याचा संभव असतो. कोरडे खाद्य तो लगेच घेत नाही. सुरुवातीला आर्टेमियाची पिल्ले किंवा डॅफ्निया द्यावे लागतात. बोअरवेलचे जड पाणी त्याला मानवत नाही. धरणाचे सौम्य पाणी क्लोरीन घालवून वापरता येते. त्यात रस्त्याकडेच्या जंगली बदामाची वाळलेली, स्वच्छ धुतलेली पाने टाकली की पाण्याला काळ्या नदीची छटा येते.

रिओ निग्रोचा हा हिशेब जसाच्या तसा सह्याद्रीला लावता येत नाही. ‘मिस केरळ’ नावाने प्रसिद्ध असलेला डेनिसन बार्ब हा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातील डोंगरी नद्यांचा मासा. १९९७ साली सिंगापूरच्या ‘अॅक्वारामा’ प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले आणि जगभरातून मागणी आली. हा मासा कार्डिनलच्या कित्येक पट मोठा होतो आणि मोजक्याच नद्यांच्या वरच्या, खडकाळ डोहांत थव्याने राहतो. एका डोहाचा थवा उचलला, की तो भरून काढायला मागे पुराने बुडणारे अफाट अरण्य नसते. केरळ सरकारने २००८ साली पकडीवर बंधने घातली, बंदीचे महिनेही ठरवले; मात्र हे महिने माशाच्या विणीच्या हंगामाशी जुळत नसल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधानुसार, २००५ ते २०१२ या काळात भारतातून गोड्या पाण्यातील धोक्यात आलेल्या किमान ३० जातींचे मासे अॅक्वेरियमसाठी बाहेर गेले. त्यांत डेनिसन बार्बबरोबर मोठा वाटा होता ‘बोटिया स्ट्रायाटा’ या पट्टेदार माशाचा. हा झेब्रा लोच कृष्णेच्या उगमाकडील नद्यांत, म्हणजे आपल्या पश्चिम महाराष्ट्रातही आढळतो. मासे धरायला ओढ्यात उतरण्याचा मोह होत असेल, तर आधी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची आणि राज्याचे मत्स्यनियम पाहणे आवश्यक आहे. संरक्षित वनात तर परवानगीशिवाय कोणताच जीव उचलता येत नाही.

डेनिसन बार्बचे टाकीतील प्रजनन केरळमधील मत्स्यसंशोधकांनी साध्य केले आहे. ज्या तंत्राने बार्सेलोसच्या पियाबेइरोची रोजी आटली, त्याच तंत्राने सह्याद्रीतील डोहांवरचा भार हलका होऊ शकतो. तेव्हा ‘रानातला की टाकीतला’ या प्रश्नाचे उत्तर मासा कोणता आणि नदी कोणती, यावर अवलंबून राहते. दुकानातील टाकीवर माशाचे नाव आणि जोडीचा भाव लिहिलेला असतो. मासा कुठून आला, पकडलेला की पैदा केलेला, हे मात्र विचारल्याशिवाय सहसा कळत नाही.