कार स्टार्ट होत नाहीये? आधी आवाज ऐका, मग मेकॅनिकला फोन करा

"गाडी चालूच होत नाहीये" एवढं सांगून मेकॅनिकला फारसं काही कळत नाही. "ॲप चालत नाही" म्हटल्यासारखंच आहे ते. चावी फिरवल्यावर (किंवा बटण दाबल्यावर) नेमकं काय होतं, हे सांगितलं तर अर्धं निदान तिथेच होतं. यवतमाळहून आर्णी, उमरखेड किंवा पांढरकवड्याकडे जाताना मधल्या एखाद्या फाट्यावर गाडी अडकली, तर ही माहिती खूप कामी येते.

१. काहीच आवाज नाही

आधी हेडलाइट आणि हॉर्न तपासा. दोन्ही बंद असतील तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा टर्मिनल सैल झालं आहे. बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून बघा. हलत असेल किंवा त्यावर पांढरी-हिरवी पावडर साचली असेल, तर दोष तिथे असू शकतो.

लाइट नीट लागतात, पण सेल्फ फिरत नाही? मग ऑटोमॅटिक गाडी 'पी' किंवा 'एन'मध्ये आहे का ते बघा. मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण दाबा. बटणवाल्या गाडीत चावीचा सेल संपला असेल, तर बऱ्याच गाड्यांत चावी थेट बटणाला टेकवून गाडी चालू होते.

२. टक-टक-टक असा आवाज

हे बहुतेक वेळा बॅटरी कमजोर असल्याचं लक्षण. मल्टीमीटर असेल तर मोजा. उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती जवळपास उतरलेली आहे.

बॅटरी थंडीत खराब होते असं अनेकांना वाटतं. खरं तर तिला जास्त मारतो तो उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उष्णतेने बॅटरीतलं पाणी उडतं आणि आतल्या प्लेट्स गंजतात. थंडीत फक्त ते झालेलं नुकसान उघडं पडतं.

३. सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

इथे बॅटरी बहुधा ठीक असते. अशा वेळी नवी बॅटरी घेऊन पैसे वाया घालवू नका. टाकीत इंधन आहे का बघा. पेट्रोल गाडीत चावी 'ऑन' केल्यावर मागच्या सीटकडून दोनेक सेकंद बारीक गुणगुण येते, तो फ्युएल पंप. आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज तपासा. डॅशबोर्डवर चावी किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं, तर इमोबिलायझरने चावी ओळखली नसेल. दुसरी चावी वापरून बघा. गाडी तापल्यावर बंद पडते आणि गार झाल्यावर चालू होते, असं असेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा.

जंपर लावताना

हायवेवर मदतीला बऱ्याचदा ट्रक थांबतो. पण ट्रकची सिस्टिम २४ व्होल्टची असते आणि कारची १२. थेट जोडलं तर कारचे इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात. त्यामुळे दुसरी कार किंवा १२ व्होल्टची बॅटरी असलेला ट्रॅक्टर शोधा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला लावा, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी-सिगारेट नको.

गाडी चालू झाली, पण केबल काढल्यावर लगेच बंद पडली? मग अल्टरनेटर तपासून घ्या.

मोबाइल कसा वापरायचा?

चावी फिरवतानाचा व्हिडिओ काढा. त्यात आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे दोन्ही यायला हवेत. तो मेकॅनिकला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तो योग्य सामान घेऊनच निघेल. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर असेल तर तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून एरर कोड वाचा. उदाहरणार्थ, पी ०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो. कोड म्हणजे दिशा. पार्ट बदलायचा हुकूम नव्हे.

राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ हा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालू असतो. हझार्ड लाइट लावा, आणि सोबतच्या लोकांना रस्त्यापासून लांब उभं करा. बॉनेट त्यानंतर उघडा.