दामदुपटीची कुळकथा

धनकोने ऋणकोकडून एका वेळी वसूल करावयाचे थकीत व्याज मुद्दलाच्या रकमेहून अधिक असता कामा नये, या नियमाला हिंदू ऋणविधीत दामदुपट म्हणतात. व्यापारी कायद्याची ओळख करून घेणारा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी १८७२ च्या भारतीय करार अधिनियमापासून सुरुवात करतो आणि सज्ञान पक्षांनी मुक्त संमतीने केलेला करार बंधनकारक असतो हे पहिले तत्त्व शिकतो. दामदुपट मात्र त्या अधिनियमात कोठेही नाही, आणि ती नेमकी त्या तत्त्वालाच छेद देते, कारण व्याजाचा दर दोन्ही पक्षांनी राजीखुशीने ठरवला असला तरी एका टप्प्यानंतर ती धनकोचा हात धरते. अलीकडे हा शब्द ठेवीदारांना भुलवणाऱ्या योजनांच्या जाहिरातींत शिरला आहे; येथे विचार आहे तो त्याच्या मूळच्या, म्हणजे धनकोला घातलेल्या मर्यादेच्या अर्थाचा.

ही मर्यादा दराला नसून खात्यावरील बाकीला आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. शंभर रुपये दरमहा दोन रुपये व्याजाने दिले आणि ऋणकोने एक पैही फेडली नाही, तर पन्नासाव्या महिन्याअखेर व्याज मुद्दलाइतके होते आणि तेथे थांबते. दर दुप्पट असता तर ते पंचविसाव्या महिन्यात थांबले असते. याउलट, ऋणकोने व्याज वेळोवेळी चुकते केले असेल, तर वर्षानुवर्षे दिलेल्या व्याजाची बेरीज मुद्दलाच्या तिप्पट झाली तरी नियमाचा भंग होत नाही, कारण मोजायचे ते फक्त त्या वेळी येणे असलेले व्याज. म्हणजे दामदुपट हा आकाराने कायद्याचा नियम असला तरी प्रकृतीने हिशेबाचा नियम आहे, आणि हिशेबाच्या प्रत्येक नियमाप्रमाणे त्याचे भवितव्य वही कोणाच्या हातात आहे यावर अवलंबून राहिले.

नियमाचे मूळ स्मृतींमध्ये आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पैशाच्या कर्जावर एका वेळी घ्यावयाची वृद्धी मुद्दल धरून दुपटीपलीकडे जाऊ नये असे सांगितले असून, धान्य, फळे, लोकर आणि ओझ्याची जनावरे यांच्या बाबतीत ती मर्यादा पाचपटीपर्यंत सैल केली आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत ही पायरी वेगळी आहे: वस्त्राला चौपट, धान्याला तिप्पट, सोन्याला दुप्पट आणि तेलातुपासारख्या रसांना आठपट. तारण असलेल्या कर्जावर महिन्याला मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा, हा व्याजाचा दरही याज्ञवल्क्याने दिला आहे. त्याच स्मृतीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि पुढे सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने व्यवहारमयूख रचला. मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनी पुढे हेच दोन ग्रंथ प्रमाण मानल्यामुळे स्मृतिकारांची दुप्पट थेट न्यायनिवाड्यांत उतरली. दुपटीचाच आकडा का, याचा उलगडा करताना एवढे म्हणता येईल की वसुलीची खटपट न करता केवळ वेळ जाऊ देऊन कर्ज फुगवणाऱ्या धनकोला या नियमाने आळा बसतो. रोमन विधीतही सम्राट जस्टिनियनच्या काळापर्यंत अशीच मर्यादा रूढ झाली होती, आणि रोमन-डच कायद्याच्या वारशाने ती दक्षिण आफ्रिकेत आजही लागू आहे. दोन परंपरा एकमेकींपासून दूर राहूनही त्याच आकड्यावर येऊन ठेपल्या, हे लक्षणीय आहे.

मात्र ज्या मनुस्मृतीने हे कुंपण घातले तिनेच त्याला फाटकही ठेवले. मुदतीत कर्ज फेडता न आलेल्या ऋणकोने झालेले व्याज देऊन कर्जाचा लेख नव्याने करून द्यावा, आणि व्याजही देणे शक्य नसेल तर ते नव्या लेखातच चढवावे, अशी मुभा तेथे आहे. लेख बदलला की कालचे व्याज आजचे मुद्दल होते, आणि दुपटीची मोजणी त्या वाढलेल्या मुद्दलापासून पुन्हा सुरू होते. दामदुपटीचा पुढचा बराचसा इतिहास या एका फाटकातून झालेल्या ये-जेचा इतिहास आहे.

मराठेशाहीत ऋणवसुलीसाठी नियमित न्यायालयांची वाट क्वचितच धरली जाई. धनको तगाद्याला माणूस बसवी, धरणे धरी किंवा पंचायत बोलावी. १८१९ च्या आपल्या अहवालात इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने या पद्धतीचे वर्णन केले आहे. अशा व्यवस्थेत सावकाराला गावाशी आणि कुळाशी जमवून घेणे भाग असे, आणि दामदुपटीसारखे नियम निवाड्यापेक्षा तडजोडीत अधिक उपयोगी पडत. धान्याच्या उसनवारीत तर सवाई आणि दिढी, म्हणजे हंगामाला सव्वापट किंवा दीडपट परतफेड, हाच रिवाज होता.

इंग्रजी अंमलात मुंबई इलाख्यासाठी १८२७ साली केलेल्या विनियमाने व्याजाची मर्यादा वर्षाला शेकडा १२ ठरवली. १८५५ साली अशा सर्व मर्यादा रद्द झाल्या, कारण पैसा ही इतर मालासारखीच वस्तू असून तिची किंमत बाजाराने ठरवावी, हे मत तोवर इंग्लंडात प्रबळ झाले होते. दराची मर्यादा गेली तेव्हा दामदुपटही गेली काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला, आणि १८६३ साली धोंडू विरुद्ध नारायण या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ती गेलेली नाही असा निर्णय दिला. मग नियमाला विचित्र सीमा पडल्या: मुंबई इलाख्यात आणि कलकत्ता शहरात तो चाले, मद्रासेत चालत नसे, आणि तो हिंदू विधीचा भाग असल्यामुळे ऋणको हिंदू असेल तरच त्याला आधार मिळे, मुसलमान किंवा पारशी ऋणकोला मिळत नसे. एकाच गावच्या दोन शेजाऱ्यांनी एकाच सावकाराकडून एकाच अटींवर कर्ज घेतले तरी थकबाकीचा आकडा त्यांच्या धर्मावर ठरावा, अशी ही स्थिती होती.

दामदुपटीला खरा धक्का बसला तो मात्र मुदतीच्या कायद्याने. मुदतीचा कायदा म्हणजे ठराविक काळात दावा न लावल्यास वसुलीचा हक्क बुडवणारा कायदा. १८५९ साली तो मंजूर झाला तेव्हा नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यासाठी तीन वर्षांची मुदत ठेवण्यात आली. जुन्या, विसरलेल्या देण्यांच्या दाव्यांतून ऋणकोची सुटका व्हावी हा हेतू होता. व्यवहारात सावकार दर तीन वर्षांनी कुळाला बोलावून नवे खत लिहून घेऊ लागला, कारण तसे न केल्यास त्याचा पैसा बुडत होता, आणि प्रत्येक नव्या खतात व्याज मुद्दलात मिळत गेले. दरमहा शेकडा दोन या दराने घेतलेल्या शंभर रुपयांचे तीन वर्षांनी १७२ रुपयांचे खत झाले, सहा वर्षांनी ते २९६ च्या आसपास गेले आणि नवव्या वर्षाअखेर बाकी ५०९ च्या घरात पोहोचली. या संपूर्ण काळात कोणत्याही एका खतावरील व्याज त्या खतातील मुद्दलाच्या शेकडा ७२ पलीकडे गेले नाही. दामदुपट पुस्तकात शाबूत होती आणि तिचा एकदाही भंग झाला नाही. कुळाच्या भल्यासाठी केलेल्या दोन नियमांनी मिळून कुळाला बुडवल्याचे याहून स्वच्छ उदाहरण व्यापारी कायद्याच्या इतिहासात सहज सापडणार नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि मिळतील ती खते जाळली. वह्या आणि खते हाच रोष ओढवणारा ऐवज होता, यावरून शेतकऱ्यांना आपल्या अडचणीचे ठिकाण नेमके ठाऊक असल्याचे दिसते. दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम पुढे आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला, त्यामुळे पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेला मुळशीचा मावळी मुलूखही त्याच्या कक्षेत आला.

या अधिनियमाने दामदुपटीला हिंदू विधीतून काढून लिखित कायद्यात बसवले आणि त्याबरोबर तिचे फाटकही बंद केले. शेतकऱ्याविरुद्धच्या दाव्यात न्यायाधीशाने समोरच्या खतावर थांबू नये, तर पहिल्या देवघेवीपासून व्यवहाराचा सगळा इतिहास तपासावा, असे १२ व्या कलमाने सांगितले. हिशेब कसा मांडायचा ते १३ व्या कलमात आहे: मुद्दलाचे आणि व्याजाचे खाते वेगवेगळे ठेवायचे, मुद्दलाच्या खाती ऋणकोला प्रत्यक्ष मिळालेली रक्कम किंवा दिलेल्या मालाची किंमत नावे टाकायची, व्याज सरळव्याजानेच धरायचे, शेतकऱ्याने दिलेला प्रत्येक भरणा जमा धरायचा, आणि शेवटी व्याजखात्यावरील बाकी मुद्दलखात्यावरील बाकीहून अधिक निघाली तर मुद्दलाच्या बाकीची दुप्पट एवढेच येणे मानायचे. वर दिलेले उदाहरण या पद्धतीने मांडले, तर नऊ वर्षांचे व्याज २१६ रुपये होते, ते शंभराच्या मुद्दलापलीकडे जाते, आणि येणे २०० रुपयांवर थांबते. खताप्रमाणे ५०९ आणि कायद्याप्रमाणे २००: मधल्या ३०९ रुपयांत सावकारीची सगळी कला सामावलेली होती. शेतकरी कोणत्या धर्माचा, हा प्रश्नही आता उरला नाही.

त्याच अधिनियमाने भरणा केल्याबरोबर लेखी पावती, वर्षातून एकदा खात्याचा उतारा आणि मागितल्यास पासबुकात नोंद करून घेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. आज बँकेचे पासबुक हाताळणाऱ्याला यात विशेष वाटणार नाही, परंतु ऋणकोलाही हिशेबाची प्रत मिळावी हे तत्त्व दख्खनच्या शेतकऱ्यासाठी येथे प्रथम सक्तीचे झाले. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केले.

सावकारांनी यावरही वाट काढली. कर्जाचे खत उघडून पाहिले जाते म्हणून त्यांनी कर्जाचे खत करणेच कमी केले आणि पैसे देताना जमिनीचे थेट खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. रक्कम परत केल्यास जमीन परत मिळेल हे आश्वासन तोंडी राहिले, आणि लेखी दस्तऐवजाच्या मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही हे पुरावा कायद्याचे तत्त्व सावकाराच्या कामी आले. खरेदीखतात व्याज नसते, म्हणून तेथे दामदुपटही नसते. १९०७ साली १०-अ हे कलम घालून, खरेदीखताच्या आडचा व्यवहार प्रत्यक्षात कर्जाचा होता काय हे तोंडी पुराव्यावरून तपासण्याची मुभा न्यायालयाला देण्यात आली. पण त्यासाठी कुळाने न्यायालयापर्यंत जाणे आवश्यक होते.

मुळशी पेट्यात या प्रदीर्घ प्रक्रियेचा परिणाम १९२१ मध्ये उघडा पडला. टाटा पॉवर कंपनीने निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरवले आणि जमीन मिळवण्यासाठी १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाचा आधार घेतला, ज्याच्या सातव्या भागात कंपनीसाठी सरकारने जमीन संपादित करण्याची तरतूद होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला; पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते. लढ्यातील अवघड पेच असा होता की बुडणाऱ्या भातखाचरांत राबणारे मावळे आणि त्या खाचरांचे कागदोपत्री मालक ही अनेक ठिकाणी वेगळी माणसे होती. बरीच जमीन कर्जापोटी पुण्यातील सावकारांकडे गेलेली होती आणि मूळचे धनी तीच जमीन खंडाने कसत होते. भूसंपादनाचा मोबदला बाजारभाव आणि त्यावर शेकडा १५ अधिक, असा हक्क असणाऱ्यास मिळत असे. त्यामुळे जमीन हे ज्यांच्या दृष्टीने वसुलीचे साधन होते ते सावकार वाढीव मोबदल्याच्या वाटाघाटीकडे वळले, आणि जमीन सोडणार नाही ही मावळ्यांची भूमिका त्यांच्या हिताशी जुळली नाही. लिखित कायद्याच्या रूपाने चाळीस वर्षे अमलात असलेल्या दामदुपटीचा येथे काहीच उपयोग नव्हता, कारण ती कर्जाचे खाते आटोक्यात ठेवते. खाते बंद होऊन जमीन एकदा हस्तांतरित झाली की तिचा अधिकार संपतो.

पुढील कायद्यांनी हा धागा खाते आणि जमीन अशा दोन्ही टोकांनी धरला. १९३९ आणि १९४७ साली मुंबई प्रांतात शेतकरी ऋणनिवारणाचे अधिनियम झाले. १९४६ च्या मुंबई सावकारी अधिनियमाने मुद्दलाहून अधिक व्याजाचा हुकूमनामा देण्यास न्यायालयांना मनाई केली, आणि त्याची जागा घेणाऱ्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये सावकाराने मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू नये ही तरतूद कायम आहे. रोकडवही आणि खातेवही ठेवणे, पावती देणे, ऋणकोला हिशेबाचे विवरण पुरवणे ही कर्तव्येही त्यात आहेत. बँका मात्र या कुंपणाबाहेर आहेत, कारण १९८४ साली बँकिंग विनियमन अधिनियमात घातलेल्या २१-अ कलमामुळे बँकेच्या व्याजाचा दर अवाजवी आहे या कारणाने न्यायालय कर्जव्यवहार पुन्हा उघडू शकत नाही. २०१४ च्या अधिनियमातील १८ वे कलम १९०७ च्या १०-अ कलमाचे थेट वंशज म्हणता येईल: सावकारीच्या ओघात पंधरा वर्षांच्या आत विक्री, गहाण वा अन्य प्रकारे सावकाराच्या ताब्यात गेलेली स्थावर मालमत्ता, खरेदीखत नोंदलेले असले तरी, जिल्हा निबंधक चौकशी करून मूळ मालकाला परत देववू शकतो. पूर्वीच्या कायद्यात या चौकशीसाठी कुळाला दिवाणी न्यायालयापुढे जावे लागे. आता निबंधकाकडे केलेला अर्जही पुरतो.