जॅक्सनवधाचे पिस्तूल



२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री आपल्या नाशकात, विजयानंद नाट्यगृहात, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. या प्रसंगावरील चित्रपटात नटाच्या हाती फिरत्या चक्राचे रिव्हॉल्व्हर दिले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. ते हत्यार ब्राउनिंग पिस्तूल होते. त्याच्या गोळ्या मुठीत असतात. अशी वीस पिस्तुले सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठविली होती. याच धाग्यावरून १९११ साली सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हत्यार बदलले की लंडन-नाशिक हा दुवा तुटतो आणि संघटित कट एकट्या तरुणाचे माथेफिरूपण ठरतो. कामगार आपले हत्यार ओळखतो. प्रेक्षकानेही ते ओळखावे.