मद्यपी चालकाच्या अपघाताचा भुर्दंड कोणावर?

बेळगावहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४८ वंटमुरी आणि तवंदी हे घाट ओलांडून निपाणीमार्गे कोगनोळीपाशी महाराष्ट्राच्या हद्दीला भिडतो. दुसरी वाट चोर्ला घाटातून गोव्यात उतरते. दोन्ही वाटांवर मद्यपान करून वाहन हाकणाऱ्याची किंमत बहुधा दुसराच कोणी मोजतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. मद्य व अमली पदार्थांमुळे झालेले मृत्यू त्यात जेमतेम अडीच टक्के. या आकड्यावर विसंबणे कठीण आहे. रक्तातील मद्यार्क ताशी साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतो. जखमीला निपाणीहून कोल्हापूरला किंवा बेळगावला हलवण्यात दोन-तीन तास गेले, की पुरावाही ओसरतो आणि अपघाताची नोंद ‘अतिवेग’ या रकान्यात जाते. १९ मे २०२४ च्या पुण्यातील कल्याणीनगर प्रकरणात तर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप आहे.

विम्याचा हिशेब अधिक कठोर आहे. मद्यपी चालकाच्या वाहनाची नुकसानभरपाई विमा कंपनी नाकारू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पर्ल बेव्हरेजेस खटल्यात स्पष्ट केले. वाहनमालक स्वतः नशेत गाडी चालवताना दगावला, तर १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही त्याच्या वारसांना मिळत नाही. म्हणजे कमावता माणूस गेला, गाडी गेली आणि कर्जाचे हप्ते तेवढे उरले. त्याच्या धडकेत जीव गमावलेल्याच्या कुटुंबाला मात्र भरपाई आधी कंपनीने द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालये अनेकदा देतात. ही वसुली शेतीवाडीपर्यंत पोहोचू शकते.

मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे. त्यापुढचा खर्च कुटुंबाचा.

सीमाभागातील वाचकांनी आणखी एक तरतूद ध्यानात ठेवावी. अपघात तवंदी घाटात झाला, तरी कागलच्या कुटुंबाला भरपाईचा दावा आपल्या राहत्या जिल्ह्यातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे कोल्हापुरातच, दाखल करता येतो. त्यासाठी बेळगावला खेटे घालण्याची सक्ती नाही. २०१९ च्या दुरुस्तीने या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे.